जादा पाटा

बॅटरी धरायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मी चौथीत होते. ट्रॅक्टरखाली माझे चुलते नाना पाठीवर आडवे, बाहेर फक्त पाय, आणि आतून आवाज, "उजेड हातावर धर, माझ्या तोंडावर नको." थोडा वेळ बरा जायचा. मग कुठं खारूताई दिसायची, बांधावरून कुणी हाक मारायचं, आणि माझा उजेड हळूच घसरून टायरवर जाऊन बसायचा. आतून पुन्हा आवाज, "कुठं गेली गं?"

बॅटरी धरणं हे काम आहे असं घरात कुणी मानत नव्हतं. पण नीट धरायची तर पाना कोणत्या नटावर आहे ते कळावं लागतं, तो सुटल्यावर हात पुढे कुठे जाणार ते आधीच ओळखावं लागतं, आणि वायसर खाली पडला तर टण् आवाज कोणत्या बाजूला झाला ते कानानं टिपावं लागतं. नानांनी समोर बसवून मला कधी काही शिकवलं नाही. ओरडून जेवढं शिकवलं तेवढंच. आता मी चांदवडला एका पतसंस्थेत कॅशला बसते. सोमवार ते शनिवार नोटा मोजते आणि रविवारी चुलत्यांबरोबर गाडीखाली असते. बॅटरी आता कपाळाला बांधायची मिळते, दोघांच्याही कपाळाला असते. तरी नाना म्हणतातच, "उजेड धर."

गाड्या म्हणजे ट्रॅक्टर, त्याची दोन चाकांची ट्रॉली आणि जुनी घेतलेली पिकअप. एवढंच. पण आमच्यासारख्या कांद्याच्या गावात या तिघांवाचून घराचं पान हलत नाही. २००५ साली टाटांची 'एस' आली, दोन सिलिंडरचं ७०२ सीसीचं इंजिन, आणि लोकांनी तिचा 'छोटा हत्ती' करून टाकला. ज्याच्याकडे सात-आठ क्विंटलच माल आहे त्याची ट्रकवाल्याची वाट बघण्यातून सुटका झाली. मग तिच्याहून दांडग्या पिकअप दारोदारी दिसायला लागल्या. लासलगाव, पिंपळगाव, चांदवड, कुठेही जा, कांद्याचा लिलाव होतो तो गाडीतच. पिकअपची रांग, ट्रॅक्टरची रांग. व्यापारी रांगेतून येतात, हौद्यातला कांदा उचलून बघतात, बोली होते, पुढे जातात. भरलेली गाडी भुईकाट्यावर, तिथून व्यापाऱ्याच्या खळ्यावर, मग रिकामी पुन्हा काट्यावर. दोन वजनांतला फरक तो आपला माल. गाडी म्हणजे शेतकऱ्याची पिशवीच, फक्त या पिशवीला वेळोवेळी आरटीओचं पासिंग लागतं.

खरं सांगायचं तर पिकअपपेक्षा ट्रॉलीचं काम मला जास्त आवडतं. तिच्यात लपवाछपवी नाही. इंजिन नाही, गिअर नाही, आमच्याकडच्या बहुतेक ट्रॉल्यांना तर ब्रेकसुद्धा नाही. एक आख, दोन हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं ते गाभे, चॅनेलची चौकट, वर पत्रा, मागे फाळका, पुढे दांडा आणि दांड्याच्या टोकाला कडी. तीही तिच्या परीनं आडमुठी असते. दोन चाकांच्या ट्रॉलीत थोडं वजन पुढे, ट्रॅक्टरच्या हुकावर यावं लागतं. तसं आलं की ट्रॅक्टरची मागची चाकं जमीन धरतात. एकदा शेणखत भरताना मजुरांनी फाळक्याकडूनच भरत आणलं आणि पुढचा भाग तसाच राहिला. चढाला लागल्याबरोबर कडी हुकाला वर उचलायला लागली, ट्रॅक्टरची चाकं जागच्या जागी घासायला लागली आणि नाना सीटवरून ओरडले, "पुढं ओढा रे, पुढं!" चौघांनी फावड्यानं खत पुढे ओढलं. मग ट्रॅक्टर काही झालंच नाही अशा थाटात चढून गेला.

बैल विकले त्याला आता बारा वर्षं होतील. तरी पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे ट्रॉलीचे हब उघडतात. हे कुणी ठरवून केलेलं नाही. पाऊस असतो, शेतात जाता येत नाही, आणि त्या दिवशी काहीतरी धुवायची, माखायची हाताला सवय आहे. आबांच्या बैलगाडीखाली वंगणाची नळी लटकलेली असायची. एरंडेलात भिजलेली काळीकुट्ट चिंधी आखावर फिरवून आबा चाक परत चढवायचे आणि ते हात धोतराला लागू नयेत म्हणून कोपरं बाहेर काढून, बदकासारखे चालायचे. नानाही ग्रीसचे हात घेऊन तसेच चालतात. मीसुद्धा. आईनं एकदा ते दाखवून दिलं, तेव्हापासून मी मुद्दाम सरळ चालते आणि माझे कपडे खराब होतात.

हब उघडण्याआधी दुसऱ्या चाकाला दोन्हीकडून दगड. मग जॅक. मग जॅकवर विश्वास न ठेवता आखाखाली बाभळीचा ठोकळा. हा ठोकळा आमच्या घरात पितळेच्या भांड्यांइतका जुना आहे आणि सरपणाला हात घालणाऱ्या प्रत्येकाला त्याच्यावरून बोलणी बसलेली आहेत. चाक निघालं की हबची टोपी ठोकून काढायची, कॉटर पिनचे पाय सरळ करून ती ओढायची, नट, वायसर, आणि मग बाहेरचं बेअरिंग अलगद हातात येतं. आधी जुनं ग्रीस बघायचं. काकवीसारखं तपकिरी असेल तर वर्ष चांगलं गेलं. दुधाच्या चहासारखं पांढुरकं झालं असेल तर आत पाणी शिरलंय, सील गेलंय. आमची ट्रॉली नाल्यातून जाते, त्यामुळे दोन वर्षांतून एकदा तरी चहा निघतोच. डिझेलमध्ये बेअरिंग धुवायचं, कापडानं कोरडं करायचं, आणि एकेक रोलर उजेडात फिरवून बघायचा. निळसर झाक म्हणजे तापलेलं. बारीक खड्डे म्हणजे संपलेलं.

त्यानंतरचं काम मला सगळ्यात प्रिय. डाव्या तळहातावर लिंबाएवढं एपी-थ्री ग्रीस घ्यायचं. उजव्या हातात बेअरिंग, रुंद कड खाली. ती कड तळहाताच्या काठावर दाबून स्वतःकडे ओढायची, पुन्हा दाबायची, पुन्हा ओढायची. चार-पाच वेळा काहीच होत नाही. मग रोलरांच्या फटीतून वरच्या बाजूनं ग्रीसच्या बारक्या बारक्या शेवया डोकवायला लागतात. तिथलं भरलं. थोडं फिरवायचं, पुढची फट. पूर्ण फेरी व्हायला आठ-दहा मिनिटं लागतात. वरवर माखून बसवलं तरी बाहेरून कुणाला कळत नाही. पहिल्या उन्हाळ्यात हबला कळतं. बसवताना नट चाक फिरवत फिरवत आवळायचा, चाक जड झालं की किंचित मागे सोडायचा आणि पिनचं भोक जुळेल तिथे नवी कॉटर पिन घालायची. जास्त आवळला तर बेअरिंग जळतं, सैल सोडला तर चाक डुलतं. किती मागे सोडायचा हे नाना सांगत नाहीत. "चाक सांगतं," म्हणतात. मला पाच-सहा वर्षं चाकानं काही सांगितलं नाही, नंतर सांगायला लागलं.

मग पहिल्या खेपेवरून आल्यावर हबला उलटा हात लावायचा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल तर पुन्हा उघडायचं.

वेल्डिंगचं मशीन घरात आलं आणि नानांच्या अंगात विश्वकर्मा संचारला. फाळक्याच्या बिजागऱ्या, ताडपत्री बांधायचे हूक, पिकअपच्या हौद्याला चेकर पत्रा, कांदा सांडू नये म्हणून वर दीड फूट जाळी, काय काय केलं. एक गोष्ट मात्र आम्ही पैसे मोजून शिकलो. ट्रॉलीच्या चाकाजवळ वेल्डिंग करायचं होतं आणि अर्थची, म्हणजे करंट परत नेणाऱ्या तारेची, क्लँप पुढे दांड्याला लावली तर ठीक, पण ती त्या दिवशी लावली दुसऱ्या चाकाच्या रिमला. करंट बेअरिंगातून आरपार गेला. महिनाभरात हब घरघरायला लागला. उघडून पाहिलं तर रोलरांवर देवीच्या वणासारखे बारीक डाग. तेव्हापासून जिथे टाका तिथेच शेजारी अर्थ, आणि पिकअपवर काम असेल तर आधी गाडीच्या बॅटरीच्या तारा सोडायच्या.

दिव्यांचंही तसंच. रस्त्यावर अंधारात बिनदिव्याची ट्रॉली ही आमच्या भागातली जुनी पीडा आहे. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला ती दिसते तेव्हा फार उशीर झालेला असतो, आणि हे लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर आमच्याच गावातलं एक घर आहे. म्हणून आम्ही लाकडी फळीवर दोन लाल दिवे, दोन इंडिकेटर बसवले, तार ट्रॅक्टरपर्यंत नेली, लाल रिफ्लेक्टर पट्ट्या चिकटवल्या. पहिल्याच रात्री दिव्यांनी तमाशा मांडला. ब्रेक दाबला की इंडिकेटर लागायचा, इंडिकेटर दिला की सगळेच मंद व्हायचे. तीन रविवार गेले. दोष तारेत नव्हता, हुकात होता. अर्थ आम्ही वेगळी ओढलीच नव्हती, लोखंडाला लोखंड लागलंय म्हणून कडीतूनच मिळेल असं धरून चाललो होतो. कडीला ग्रीस, गंज, माती, आणि ती रस्त्यावर सतत उडतेय. ट्रॅक्टरपासून फळीपर्यंत एक काळी तार स्वतंत्र ओढली आणि तमाशा बंद. आता आमची ट्रॉली गावात सगळ्यात जास्त चमकते. लोक म्हणतात, लग्नाला निघाली का?

एवढी लांबण लावली ती पिकअपची गोष्ट सांगायच्या आधी धीर गोळा करत होते म्हणून. त्या गोष्टीत आम्ही शहाणे दिसत नाही.

आमच्या पिकअपच्या कागदावर १,७०० किलो लिहिलंय. म्हणजे १७ क्विंटल. कांद्याच्या दिवसांत गावात १७ क्विंटल भरून कुणी निघालं तर लोक विचारतील, बाकीचा कुठं सांडला? आम्ही २४-२५ भरायचो. इतकं भरलं की गाडी मागून बसायची, रात्री हेडलाइट झाडांच्या शेंड्यांवर पडायचे, खड्ड्यात टायर हौद्याच्या पत्र्याला घासायचा. त्यावर गावाचं एकच औषध: पाटा वाढवा.

पाटे म्हणजे मागच्या आखावरच्या कमानी. सगळ्यात वर मेन पाटा, दोन्ही टोकांना डोळे असलेला, त्याच्याखाली एकाहून एक आखूड पाटे. मधोमध सेंटर बोल्ट सगळ्यांना ओवतो, आणि त्याचं डोकं आखावरच्या भोकात बसतं, म्हणजे आख पुढे-मागे सरकत नाही. वरून दोन यू-बोल्ट सगळं आखाशी आवळून धरतात. २०२१ च्या उन्हाळ्यात आम्ही दोन्ही बाजूंना एकेक पाटा वाढवला. लांब सेंटर बोल्ट, लांब यू-बोल्ट, दिवसभराचं काम. बॅटरी मीच धरली होती. संध्याकाळी गाडी उभी राहिली ती मागून उचललेली, तुरेवाल्या कोंबड्यासारखी. नाना तिच्याभोवती दोन फेऱ्या मारून आले. २५ क्विंटल भरले तरी जेमतेम चार बोटं बसली. आम्ही खूश. रिकामी असताना मात्र ती अशी आपटायची की आई म्हणाली, "यात बसण्यापेक्षा मी पायी येते." आणि खरंच दोनदा आली.

पुढच्या वर्षी पाट्याच्या हँगरच्या रिव्हेट ढिल्या झाल्या. नानांनी त्या काढून हाय टेन्साइल बोल्ट टाकले. त्यानंतर टायर खांद्यावरून फुटला. आम्ही जाड थराचे टायर घातले. मग हबचं बेअरिंग. जिथे तुटायचं तिथे आम्ही जोर द्यायचो, आणि तो जोर उठून पुढच्या जागेवर जाऊन बसायचा. तेव्हा हे दिसत नव्हतं. तेव्हा वाटायचं, जुनी गाडी आहे, खर्च निघणारच. पाटा आम्ही वाढवला हे टायरला, हबला, ब्रेकला कुणी कळवलंच नव्हतं.

मग ऑगस्टमधली ती सकाळ. चाळीतला कांदा काढून भरला होता. आदल्या दिवशी उमराण्याला बाजार वर होता म्हणून तिकडे निघालो. मी रजा टाकली होती, कारण पट्टीचे, म्हणजे विकलेल्या कांद्याचे, पैसे त्याच दिवशी आमच्याच संस्थेत भरायचे होते. भुरभुर पाऊस. राहुड घाटाच्या उतारावर पुढच्या कंटेनरचे लाल दिवे लागले आणि नानांनी ब्रेक दाबला. गाडीनं नाक खाली घातलं. पण थांबली नाही. चाकं अडकून घसरणं वेगळं. ही घसरत नव्हती. मागून कुणीतरी दोन्ही हातांनी ढकलत असल्यासारखी नुसती पुढे जात राहिली. नानांनी गिअर खाली ओढला, हँडब्रेक ओढला, शेवटी डावीकडे घेतलं. थांबलो तेव्हा कंटेनरच्या मागच्या दांडीवरचा चिखल मला काचेतून वाचता येत होता. पुढच्या चाकांतून जळका वास. नाना काही बोलले नाहीत. बाजारात जाईपर्यंत ते रेडिओसुद्धा लावत नव्हते, आणि मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून ब्रेक. पुढचे पॅड बदलले. सगळी हवा काढली: मी पॅडल दाबून धरायचं, "धर... सोड... धर," नाना मागे निपल सैल करून बुडबुडे बघणार. मागचे लायनर काढून पाहिले तर ते जवळपास नवेच. हे खरं तर तेव्हाच खटकायला हवं होतं. पुढचे पॅड दोन वर्षांत तीनदा संपले आणि मागचे लायनर हसताहेत. गॅरेजवाला म्हणाला, लोड जास्त आहे. ते तर आम्हालाही माहीत होतं.

मला तो दांडा दिसला तो दिवाळीच्या आधीच्या रविवारी. नाना शॅकलच्या बुशशी झगडत होते, दहा मिनिटं त्यांचा हात एकाच नटावर होता, आणि एका जागी उजेड धरून कंटाळलेल्या माणसाची नजर फिरते तशी माझी फिरली. चासीवर, आखाच्या वर, ब्रेकच्या नळीच्या मध्येच लहानसा ओतीव ठोकळा होता. त्यातून बारका दांडा निघून आखापर्यंत गेलेला. मी म्हटलं, "नाना, हा कशाला असतो?"

"कंपनीचाच आहे तो."

"कंपनीचा आहे ते ठीक. करतो काय?"

नाना बाहेर आले. पहिल्यांदाच त्यांनी बॅटरी माझ्या हातातून घेतली आणि मला बाजूला सरकायला सांगितलं. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "गाडी बसली की हा वर ढकलला जाईल."

नंतर आम्ही विचारून, वाचून खात्री केली, पण कळलं होतं ते तिथेच. रिकाम्या पिकअपच्या मागच्या चाकांवर वजन नसतं. तेव्हा पूर्ण ब्रेक दिला तर मागची चाकं अडकून गाडी गिरकी घेईल. म्हणून हा ठोकळा, म्हणजे व्हॉल्व्ह, मागच्या ब्रेकचा दाब कमी करतो. माल भरला की हौदा खाली बसतो, चासी आणि आख जवळ येतात, दांडा हलतो, आणि व्हॉल्व्हला कळतं की आता वजन आहे, दाब पूर्ण जाऊ दे. गाडी किती बसली यावरून त्याला गाडीत किती आहे ते समजतं. त्याच्याकडे दुसरा काटा नाही. आणि आम्ही पाटा वाढवून तिला बसूच देत नव्हतो. पाठीवर २५ क्विंटल घेऊन ती राहुड घाट उतरत होती आणि मागच्या ब्रेकला आम्ही सांगत होतो, गाडी रिकामी आहे, हळू धर.

नाना पटकन मानणारे नाहीत. त्यांनी ज्वारीच्या धाटाची काडी तोडली, आख आणि चासीमधलं अंतर मोजून खूण केली. मग शेडमधल्या खताच्या गोण्या हौद्यात. दहा गोण्या, मोज. वीस गोण्या, मोज. दादा शेतातून आले, त्यांनी विचारलं खत कुठं निघालं, कुणी उत्तर दिलं नाही. तीस गोण्यांना, म्हणजे १५ क्विंटलला, काडीवर दोन बोटांचाही फरक नव्हता. दांडा मुंगीएवढा हलला होता. नानांनी काडी मोडली आणि गोण्या उतरवायला लागले. उतरवून झाल्यावर म्हणाले, "चार वर्षं मी पोरांना यातून शाळेत सोडलं."

पाटा काढणं घालण्यापेक्षा अवघड. यू-बोल्टच्या नटांना आदल्या रात्री डिझेल पाजलं होतं, तरी दोन नट घणाशिवाय हलले नाहीत. सेंटर बोल्ट सोडण्याआधी सगळ्या थप्पीला दोन्हीकडून सी-क्लँप लावायचे, कारण पाटे एकमेकांवर ताणून बसलेले असतात, बोल्ट निघाला की उसळतात. क्लँप अर्धा अर्धा फेरा सोडत गेलो. लोखंड कुरकुरत, हळूहळू, एकेका पाट्यानं आपली कमान परत घेतली. जादा पाटा बाहेर आला तेव्हा त्याच्या पोटावर घासून घासून आरसा झालेला होता. नवे यू-बोल्ट, कारण एकदा ताणलेले जुने परत वापरायचे नसतात. चारही नट आळीपाळीनं, कोपऱ्याला कोपरा. शंभर-दोनशे किलोमीटरनंतर ते पुन्हा आवळायचे असतात. यू-बोल्ट सैल राहिला तर सगळा भार सेंटर बोल्टवर येतो, तो तुटतो, आख एका बाजूनं मागे सरकतो आणि गाडी खेकड्यासारखी तिरकी चालायला लागते. नट हलला का ते कळावं म्हणून मी प्रत्येक नटावरून बोल्टवर नेलपॉलिशची आडवी रेघ ओढली. लाल. रेघ तुटली की नट फिरला. नाना म्हणाले, "गाडीला नटवायला लागली." पण दर रविवारी तेच वाकून रेघा बघतात. व्हॉल्व्ह मात्र आम्ही हाताळला नाही, तो वर्कशॉपमध्ये नेऊन मापात बसवून आणला. काही नटांवर आपला पाना चालवायचा नसतो.

कायद्याची गोष्ट शेवटी आठवावी हे आमच्या लोकांच्या स्वभावाला धरून आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीत जे लिहिलंय त्याहून वेगळा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये तेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं जादा मालाचा दंड २०,००० रुपये आणि वर दर टनाला २,००० झाला. गावात हे सगळ्यांना माहीत आहे. पासिंगच्या आदल्या संध्याकाळी गल्लीत ग्राइंडरचे आवाज येतात, जाळ्या उतरतात, ठिणग्या उडतात. दोन दिवसांनी त्याच जाळ्या पुन्हा चढतात. मी हसायचे. आमची जाळीसुद्धा तशीच उतरायची आणि चढायची. पाटा उतरवावा लागला नाही, कारण तो कुणी वाकून पाहिलाच नाही.

आता आम्ही १७ क्विंटलच भरतो म्हणजे आमचं सगळं सुरळीत चाललंय असं कुणी समजू नये. तीन खेपांचा माल चार-साडेचार खेपांना जातो. डिझेल वाढलं, हमाली वाढली, आणि मुख्य म्हणजे बाजार वर असलेला दिवस एकच असतो. त्या दिवशी आठ क्विंटल घरी ठेवून जायचं आणि दुसऱ्या दिवशी बाजार पडलेला बघायचा, हे मी कॅश काउंटरच्या मागे बसून सोसते, नानांना ते लिलावाच्या रांगेत उभं राहून सोसावं लागतं. मागच्या मार्चमध्ये असंच झालं. नाना रात्री जेवताना म्हणाले, "तो पाटा कुठंय गं?" मी म्हटलं, भिंतीला लावलाय. ते भाकरी मोडत राहिले. दादा म्हणाले, "घाल म्हटलं तर ही पोरगी बॅटरी धरणार नाही." नाना म्हणाले, "कपाळाला बांधतो की मी."

पुढच्या रविवारी शेडमध्ये गेले तर भिंतीशी एकही पाटा नव्हता. माझ्या पोटात गोळा आला. मी थेट पिकअपखाली शिरले. थप्पी होती तेवढीच, नेलपॉलिशच्या रेघा अखंड.

दोन दिवसांनी कळलं. पाट्याचं पोलाद लोहाराला सोन्यासारखं. नानांनी दोन्ही पाटे नेऊन दिले होते, त्यातून सहा विळे आणि एक कुऱ्हाड करून आणली, उरलेलं मजुरीत वळतं केलं. उन्हाळ कांद्याची पात कापायला बायका बसल्या तेव्हा आईनं त्यातला एक घेतला, अंगठ्यानं धार पाहिली आणि म्हणाली, "जड आहे जरा. पण धार धरतो."